डाव्या बुटाचा तळ

प्रिय नाना,

तीन दिवसांवर आखाजी आली, अक्षय्य तृतीया. यंदा पितरांच्या घागरीत तुमच्या नावाची घागर भरायची आहे. आई म्हणते, लेकीने निवांत मनाने यावं, डोक्यात काही घेऊन येऊ नये. माझ्या डोक्यात तर काल दुपारपासून तुमचे गमबूट आहेत. कुणाला विचारू? ज्यांना विचारायचं तेच घागरीचे धनी झाले, म्हणून हे पत्र.

काल मगनकाका आले होते. तुमचे रविवारचे सोबती, आणि त्या दिवशी तुम्हाला पाण्यातून ओढून काढणारेही तेच. सोबत स्वतःचे जुने काळे गमबूट आणलेले. दारातच म्हणाले, "बेन, तारा बापा जेवा तळिया मने बनावी आप." तुमच्या बुटांसारखे तळ करून दे म्हणे. ज्या तळांवरून माझा बाप घसरला तेच यांना हवेत? हसावं की रडावं ते कळेना. मी चहा टाकला.

तुम्हाला त्या तळांचं किती वेड होतं! मिलमधून रविवारची सुट्टी मिळाली की कामरेजच्या पुढे जायचं, गुडघाभर पाण्यात खडकावर उभं राहायचं आणि गळ टाकायचा. तापीचं पाणी आपल्या गावावरूनच येतं म्हणून तुम्हाला ते घरचं वाटायचं. पण घरच्या पाण्यातलं शेवाळही घरच्यासारखंच वागायचं, कुठली भीडभाड नाही. दर पावसाळ्यानंतर तुम्ही एकदा तरी आपटून यायचात आणि आईला सांगायचात, मिलमध्ये पाय मुरगळला. आई म्हणायची, मिलमध्ये शेवाळ कधीपासून लागतं?

मग तुमचे प्रयोग सुरू झाले. आधी काथ्याची दोरी बुटाला गुंडाळली. ती दगडावर छान धरायची, पण दोन रविवारांत कुजली. मग सायकलच्या टायरचे तुकडे. ते चिखलात बरे, ओल्या दगडावर काही उपयोगाचे नाहीत. मग कुणाचं तरी ऐकून तळात बारीक स्क्रू पिळले, त्यातला एक आरपार जाऊन तुमच्याच टाचेत घुसला. वर म्हणालात, स्क्रू दगडावर वाजतात, मासा पळतो. टाचेचं नाव नाही.

शेवटी उपाय तुमच्याच खात्यात सापडला. तुम्ही ज्या मशीनवर होतात, तयार कापडाची घडी बसवणारं ते, त्याच्यावरचा जाड लोकरी पट्टा. झिजला की मिलवाले फेकून देतात. त्याचा तुकडा बुटाखाली लावला तर शेवाळाला धरतो, हे तुम्ही मिलच्या हौदाजवळ उभं राहून पाहिलं. फक्त एक मेख होती. तो पट्टा वर्षभर कापड मऊ करायचं औषध पिऊन असतो. वरून पांढरा, कोरडा, आणि आतून तुपासारखा. सोडा घालून तासभर उकळल्याशिवाय तो ना चिकटतो, ना पकडतो. हे मिलमधल्या माणसालाच ठाऊक.

आणि चिकटवायचं काम माझ्याकडे आलं. मी बमरोलीत घरी बसून साड्यांवर खडे चिकटवते, म्हणून तुमच्या लेखी मी चिकटवण्यातली पंडितीण. नवरात्रात तुम्ही दोन तुकडे, बूट आणि रबराचं सोल्युशन आणून ठेवलंत. दिवाळीच्या मालाची घाई होती, शेगडीजवळ साड्यांचा ढीग. उजव्या बुटाचा तुकडा मी नीट तासभर उकळला. डाव्याचा नुसता नळाखाली धरला, वाळवला आणि लावून टाकला. दिसायला दोन्ही सारखे. कोण बघतंय?

तुम्ही न्यायला आलात तेव्हा एवढंच विचारलंत, "दोन्ही उकाळात ना व पोरी?"

मी म्हणाले, हो.

दिवाळीनंतरच्या दुसऱ्या रविवारी तुम्ही गेलात. डॉक्टरांनी लिहिलं हृदय बंद पडलं. मगनकाकांनी दवाखान्याच्या पायऱ्यांवर बसून सांगितलं, "पहेला बेसी गया, पछी पड्या." आधी बसले, मग पडले. म्हणजे छातीत आधी कळ आली. पण तेराव्याला तेच म्हणाले, नाना घसरले, मी हाक मारली, मग बसले. म्हणजे पाय आधी गेला. कुठलं खरं? बोलता बोलता असंही म्हणाले की एका बुटाचा तळ सुटून दगडावर पडला होता, तो त्यांनी बुटांसोबत पोत्यात टाकून आईकडे दिला. मी विचारलंच नाही कुठल्या बुटाचा. मला माहीतच होतं ना.

सहा महिने नाना, मी ते माहीत असण्यावर जगले. साड्यांवर खडा ठेवताना हात थांबायचा. भाऊ विचारायचा, ताई, तब्येत बरी नाही का? काय सांगणार होते? एका खोट्या हो-साठी बाप घालवला, असं कुणाला सांगतात? तुमच्यावर रागही यायचा. तुम्ही मिलमध्ये कापड हाताला लावून सांगायचात, याला औषध कमी पडलंय. मग लेकीने लावलेला तळ एकदा अंगठ्याने चोळून का बघितला नाही? विश्वास तरी किती ठेवायचा माणसाने!

काल मगनकाकांना मी टाळायला बघितलं. म्हटलं, काका, ते तळ काही चांगले नव्हते. ते म्हणाले, नानांसारखा पाय खडकावर कुणाचा बसत नव्हता, महिनाभर मी शेजारी उभा राहून पाहिलंय. नमुना दाखव, तसेच कर. नमुना म्हणजे ते पोतं. ते उधन्याला आईकडे माळ्यावर. काका गेल्यावर मी तिकडे निघाले. आईने पोतं बघितलं आणि तोंड फिरवलं. "कसाले उघडस? राहू दे ना."

मी उघडलं.

डावा बूट अखंड होता. तळ जागच्या जागी. नुसता जागेवर नाही, सगळ्या कडेने जाड दोऱ्याने शिवलेला, मिलमध्ये गाठोडी शिवतात तशा टाक्याने. ते टाके तुमचे, मी झोपेतही ओळखेन. आणि लोकर दाट, खरबरीत झालेली, उकळल्यावर होते तशी. नख रुतवून पाहिलं. कुठे तुळतुळीतपणा नाही.

सुटला होता तो उजवा.

मी आईला विचारलं, नानांनी घरी काही उकळलं होतं का? ती जरा आठवून म्हणाली, "त्यासनी चहाना पातेलामा काहीतरी उकाळं व्हतं. पातेलं वाया गयं." कधी? दिवाळीच्या आधी. म्हणजे तुम्ही पहिल्याच रविवारी ओळखलंत. डावा पाय सरकला असेल, तुम्ही तळ काढलात, घरी आणून उकळलात, पुन्हा लावलात, वर टाके घातलेत. भाऊबीजेला माझ्याकडे आलात, सांजोरी खाल्लीत, माझ्या साड्या पाहिल्यात, आणि एक अक्षर बोलला नाहीत. का? रागावायला काय झालं होतं? एकदा म्हणायचं तरी, पोरी, मला फसवलंस. मी रडले असते, मोकळी झाले असते.

आता मला काहीच कळत नाही. ज्याबद्दल मी खोटं बोलले तो तळ धडधाकट आहे. जो मी नीट तासभर उकळला, ज्याच्याबद्दल खरं बोलले, तो सुटला. तुम्हाला ओढून आणताना खडकावर घासून सुटला? की आधी सुटला आणि मग तुम्ही पडलात? सोल्युशन जुनं होतं का? माझाच हात कमी पडला का? गुन्हा माझा आहे की नाही, हेही आता धड ठरत नाही. आधी निदान ठरलेलं तरी होतं.

आणि एक गोष्ट काल रात्रीपासून आत रुतून बसली आहे. डाव्याला चारही बाजूंनी टाके घातलेत, सुईदोरा हातात होता, उजवा बूट शेजारीच पडलेला. त्याला एकही टाका का घातला नाहीत? तो धरत होता म्हणून? तो मी नीट केला हे बघून कळलं म्हणून? नाना, तेवढ्या एका तळावर तरी तुम्ही माझा शब्द ठेवलात का?

सकाळी मी आईला सगळं सांगितलं. तो हो, तो नळ, सगळं. ती म्हणाली, त्यांना माहीत होतं तर त्यांनी ते पोटात ठेवलं. तुझ्या बापाने पोटात ठेवलेलं मी कशाला बाहेर काढू? आणि भाकरी थापायला उठली.

मगनकाकांना मी हो म्हणून कळवलंय. घाबरू नका, हा हो वेगळा आहे. मिलने टाकलेल्या पट्ट्याचे दोन तुकडे मागवून मोठ्या पातेल्यात एकत्र उकळीन, नवं सोल्युशन आणीन, आणि दोन्ही बुटांना कडेने टाके घालीन, तुमच्या टाक्यांवर बोट ठेवून शिकून. आखाजीनंतरच्या रविवारी मगनकाकांसोबत कामरेजला येईन. काकांचे बूट मला मोठे होतील, आत चिंध्या कोंबीन. तुम्ही उभे राहायचात त्या खडकावर आधी मी उभी राहीन, मग बूट काढून त्यांच्या हातात देईन.

तुमची,
शोभा