रॉयच्या केकची साखर

मी, हेस्टर मॉड ब्रॅडिक, विधवा, वय एकाहत्तर, राहणार लॉन्सेस्टन, टास्मानिया, पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दडपणाशिवाय हे मृत्युपत्र करते. आधीचे रद्द समजावे. त्यात मी माझ्या दिराबद्दल फारच सौम्य लिहिले होते.

१. घर, चूल आणि केकचे डबे माझी सून नेल हिला. तिने दुसरे लग्न केले, ते योग्यच केले. ती अजूनही मला आईच म्हणते.

२. बँकेतली शिल्लक धाकटी बहीण ऑलिव्ह हिला. युद्धात साखरेचे रेशन आले, तेव्हा माझ्या मुलाच्या, रॉयच्या लग्नाच्या केकसाठी तिने आपला वाटा मला दिला आणि स्वतः बिनसाखरेचा चहा प्यायली.

३. दीर क्लॅरी ब्रॅडिक, वर्तमानपत्राचा व्यंगचित्रकार, यास काहीही देऊ नये. तो माझ्याकडे जेवायला आला, फडताळातली साखर त्याने पाहिली, ती कशासाठी आहे हेही विचारून घेतले. पुढच्याच शनिवारी चित्र छापून आले: साखरेच्या पोत्यावर बसलेली जाडी बाई आणि समोर रिकामा कप धरलेला जखमी सैनिक. नाक माझे, पिसाची टोपीही माझीच.

वाण्याकडच्या रांगेत बायका माझ्यापासून दूर सरकल्या. नेलच्या वडिलांनी निरोप पाठवला, "तो केक चर्चच्या हॉलमध्ये आणायचा नाही."

मी क्लॅरीला जाब विचारला. म्हणाला, "अगं, लोकांना त्याग शिकवायचा तर एक चेहरा लागतो. तुझा हाताशी होता." हे बोलताना त्याच्या हातात काळ्या बाजारातली व्हिस्की होती.

लग्न केकविना झाले. त्या संध्याकाळी रॉय आणि नेल माझ्या स्वयंपाकघरात आले. रॉयने उभ्याउभ्याच केकचे दोन तुकडे खाल्ले आणि म्हणाला, "आई, काकाला चित्रं काढता येतात. पण असा केक त्याच्या बापाला तरी जमेल का?" आम्ही तिघे पोट धरून हसलो. रजा संपली, तो न्यू गिनीच्या आघाडीवर परत गेला. तिथेच पुरला गेला.

४. माझ्या अंत्यविधीला क्लॅरीने येऊ नये. आलाच तर मागच्या बाकावर बसवावे आणि त्याच्या खिशात पेन्सिल नाही ना, हे आधी पाहावे.

५. युद्ध संपल्यावर त्या चित्राची मूळ प्रत क्लॅरीने मला नाताळची भेट म्हणून दिली. "आता तरी हस की, हेस्टर!" आता त्याच्या चित्रांचे मोठे प्रदर्शन भरणार आहे, म्हणून तो ती परत मागतो. मागच्या रविवारी दारात उभा राहून म्हणाला, "सगळे विसरलेत गं. ती बाई तू होतीस, हे आता कोणाला ठाऊक आहे?"

ते ठाऊक व्हावे, म्हणून चित्र त्या प्रदर्शनाच्या कलादालनास एका अटीवर देते. शेजारी रॉयच्या लग्नाचा फोटो टांगावा आणि खाली ठळक अक्षरांत लिहावे: "ही हेस्टर ब्रॅडिक. साखर हिच्या मुलाच्या लग्नाची होती. सैनिक तोच होता." क्लॅरीने हरकत घेतली, तर नेलने चित्र चुलीत घालावे.

सही: हेस्टर मॉड ब्रॅडिक
आमच्या समक्ष: डग्लस पेनीकूक, शेजारी, व्हेरा टिलयार्ड, परिचारिका
लॉन्सेस्टन, १४ मार्च १९५८