नव्व्याण्णव मतांचं सरकार

कोबे,
रविवार, २८ जुलै १९९६

चि. विद्यास अनेक आशीर्वाद.

आम्ही दोघं ठीक. आईच्या गुडघ्याचं कळव. तुझं पत्र येऊन चोवीस दिवस झाले, मोजलेत. श्यामरावांशी लग्न करू का, या तुझ्या प्रश्नाकडे येतोच. आधी बातमी, ती पोटात मावत नाहीये.

चेक प्रजासत्ताकातलं सरकार टिकलं! साडेतीन वर्षांपूर्वी जन्मलेला देश. आमच्या पेढीचे काचेचे मणी तिथूनच येतात, म्हणून निवडणुकीपासून मी आकडे वहीत उतरवत होतो. जागा दोनशे, सरकारकडे नव्व्याण्णव. आमच्या ऑफिसातला संजीव, राज्यशास्त्रात एम.ए., सगळ्यांदेखत म्हणाला, "चंद्रशेखर-सान, मॅट्रिकच्या गणितातसुद्धा दोनशेच्या निम्म्याला नव्व्याण्णव कमीच पडतात. मे महिन्यात दिल्लीतलं सरकार तेरा दिवसांत गेलं, विसरलात?" मी म्हटलं, टिकेल, पाडलं तर पुन्हा निवडणूक, आणि ती आत्ता कुणालाच नकोय. हे मला कुठल्या कॉलेजाने शिकवलं नव्हतं. शब्दकोश शेजारी ठेवून रोज इंग्रजी पेपर वाचतो, त्यातून उमगलेलं.

गुरुवारी मतदान झालं. मोठ्या विरोधी पक्षाचे लोक ऐन वेळी उठून सभागृहाबाहेर गेले. बाजूने मत दिलं नाही आणि पाडलंही नाही.

शुक्रवारी संजीव स्वतः चहा घेऊन माझ्या टेबलापाशी आला आणि इथे गुरुजींना म्हणतात तसं मला म्हणाला, "मानलं, सेन्सेई. पण बाहेर जाऊन त्यांना मिळालं काय?"

मी विषय मण्यांच्या भावावर नेला. हे फक्त तुला सांगतोय.

आता तुझं. दोन्ही भावांचा नकार आला तरच आई मोडता घालणार. लक्ष्मीकांतचा गेलाय. माझाही लिहून तयार होता, चार पानी, मुद्द्यांना क्रमांक घालून. परवा तो पुन्हा वाचला. श्यामरावांविरुद्ध एक मुद्दा नाही. सगळे मोहनबद्दलचे. मित्र माझा, तुमचं लग्नही मीच जमवलं. तो जाऊन नऊ वर्षं झाली, पण तू त्याची बायको आहेस तोवर माझ्यापुरता तो थोडा उरतो, असं काहीतरी. चार पानांत तू कुठेच नव्हतीस.

पानं फाडली. होकार मात्र देणार नाही, मागू नकोस. दादा मतदानाच्या वेळी बाहेर गेला, एवढं आईला सांग.

लग्नाला येणार नाही. पण मुहूर्त मिनिटासकट कळव. इथलं घड्याळ साडेतीन तास पुढे असतं, तेवढं मी जुळवून घेईन.

अजूनही विरोधी बाकावरचा,
तुझा दादा