माझ्या नावाचा नारळ

३ नोव्हें., सोमवार
आज पण रजा. कचेरीत फोन नमिताने केला, "दाढ दुखतेय ह्यांची." मी आत पांघरूण ओढून ऐकत होतो. बायको माझ्यासाठी खोटं बोलते आणि मी पडून राहतो, शाब्बास.
ताप नाही, अंग दुखत नाही. नुसतं काही नको. चहा नको, माणूस नको, आंघोळ तर नकोच.
जत्रा जवळ आली. गाऱ्हाणं मलाच घालायचंय. बाबा गेल्यावर तो मान माझ्याकडे आला. लोक नारळ ठेवणार, मी एकेकाचं दुखणं देवाला मोठ्याने सांगणार, सगळे "व्हय म्हाराजा" म्हणणार. अख्ख्या कोरगावचं बोलायचं मी, आणि घरात दोन शब्द निघत नाहीत. हसू येतं. म्हणजे येत नाही.

६ नोव्हें., गुरुवार
पणजी. डॉक्टरांनी मागेच डिप्रेशन म्हटलेलं, गोळ्या लिहिलेल्या. मीच नको म्हटलं. गोळ्या कुणी बघितल्या तर झालंच, "पिसो जालो रे तो!" मग त्यांनी हे मेंदूच्या सरावाचं ठिकाण सांगितलं.
डोक्याला चिकट काहीतरी लावून तारा बसवल्या. समोर पडद्यावर होडी. मन निवलं की चालते, नाहीतर ठप्प. माझी ठप्प. तारा लावणारी बाई तरुण, माझ्या भाचीच्या वयाची. "काका, जोर लावू नका. जोर लावलात की थांबते." आयुष्यभर जोरच लावला, दुसरं येतं काय!
म्हणाली, "कुणाला ह्याने बरं वाटतं, कुणाला गोळ्या पण लागतात. त्यात लाजायचं काही नाही." हिने कोरगाव बघितलेलं नाही.
मग विचारलं, "जगणं नको, असं मनात येतं?"
"छे!" म्हटलं. पटकन. फारच पटकन.
येतं.

१० नोव्हें., सोमवार
पणजीहून परतताना म्हापशाच्या स्टँडवर नळाखाली केस धूत होतो, तो चिकटा निघता निघत नाही. मागून भिकू. देवस्थान कमिटीचा भिकू, दुसरा कोण भेटणार!
"डोक्याक काय लायलंस रे?"
"मेंदी."
पन्नाशीला टेकलेला माणूस म्हापशात मेंदी धुतोय. भिकू हसला नाही. हसला असता तर बरं झालं असतं.

१३ नोव्हें., गुरुवार
होडी चालली. थोडीच, पण चालली. आणि मला खुर्चीत रडू फुटलं. बाईने पाणी दिलं. तेव्हा सांगायला हवं होतं, की त्या दिवशी "छे" म्हटलं ते खोटं. ओठांवर आलेलं. पाणी प्यालो, उठलो.
संध्याकाळी पाववाला पोदेर आला. उंडे घेतले, चहात बुडवून दोन खाल्ले. नमिता एवढी खूश की माझाच संताप झाला. दोन पाव खाल्ले तर काय आरती ओवाळणार?

१७ नोव्हें., सोमवार
पणजीला गेलो नाही.
सकाळी भिकू दारात. जत्रेला कुणाकुणाचे नारळ ते सांगायला आलेला. सगळे सांगितले, मग खाली बघत, "आनी एक तुझ्या नावाचो. वयनीन ठेयलो."
नमिता दारामागे उभी. देवळात जाऊन सांगून आली, ह्यांचं मन कशात लागत नाही, जेवत नाहीत, गाऱ्हाणं घाला. अगो बाई, घालणार कोण? मीच ना! हे तिच्या डोक्यातच आलं नाही. आणि देवापुढे ठेवलेला नारळ परत उचलत नाहीत.
भिकू म्हणाला, "जाय तर तुझ्या चुलत भावाक सांगतां." म्हणजे हवं तर माझ्याऐवजी गाऱ्हाणं तो घालणार. मानही गेला आणि अब्रूही.
तो गेल्यावर ओरडलो. "गावभर केलंस! आता येडा म्हणतील मला." ती पण चढली, "सगळ्यांचं तुम्ही सांगता. तुमचं कोण सांगणार? मला बायल माणसाला उभी करतील तिथं?"
मग रडली. माझ्यामुळे.

२० नोव्हें., गुरुवार
गेलो. होडी ठप्प. बाईला नारळाचं सांगितलं. वाटलं हसेल. तिने विचारलं, "गावासमोर सांगायलाच हवं का? आधी एकाच माणसाला सांगून बघा."
बसमध्ये माझं गाऱ्हाणं तोंडातल्या तोंडात म्हणून बघितलं. नावापर्यंत येतं. पुढे काही नाही.

२२ नोव्हें., शनिवार
जत्रा.
चुलतभावाला नाही सांगितलं. मीच उभा राहिलो. आवाज लागला, कसा कुणास ठाऊक. ह्याची नोकरी, तिची सोयरीक, कुणाचं पोटाचं ऑपरेशन. व्हय म्हाराजा. व्हय म्हाराजा.
मग माझा नारळ. "तुझं हे लेकरू..." माझं नाव घेतलं. आणि गप्प.
किती वेळ, माहीत नाही. कुणी खोकलं. असं वाटलं की भर जत्रेत कुणी माझं धोतर सोडलंय.
तेव्हा भिकूच म्हणाला, मोठ्याने, "व्हय म्हाराजा." मागून सगळे. मी काही सांगितलंच नव्हतं, तरी. मी पुढचा नारळ घेतला.
दुपारी घरी आलो. लाज अजून अंगावर आहे. ती नमिताला दिसत असणार. जेवण वाढलं. मग म्हणाली, "देवाला नाही सांगितलंत, असूं दे. मला सांगाल? जेवत नाही, झोपत नाही, ते मला दिसतं. त्याच्या पलीकडचं काय आहे?"
म्हणजे तिला संशय आहे. कधीपासून?
"हात धुऊन येतो" म्हणून इथे आत येऊन लिहीत बसलोय. ती अजून पानावरच आहे, भाताला हात लावलेला नाही. हाक मारत नाही, नुसती थांबलीय.
जातो बाहेर. सांगतो की नमिता, मला कधी कधी जगणं...