पांढरीचा जन्म

जालना,
१४ मार्च २००४

प्रिय नरहर,

तुझं पत्र आठ दिवसांपूर्वी टॉकीजच्या पत्त्यावर मिळालं. तू लिहितोस त्या सिनेमाच्या तिसऱ्या भागाची तयारी सुरू झाली, कंपनीला सफेदाहून जबर खलनायक हवा आहे, "भुज्या, डोकं चालव, आपली वही आठव," असं तू लिहिलंस. सोबत दुसऱ्या भागाचं पोस्टर धाडलंस, कोपऱ्यात तुझी सही करून. त्याची गरज नव्हती. तेच पोस्टर दहा फूट उंचीचं होऊन आमच्या टॉकीजच्या दर्शनी भिंतीवर पाच आठवडे लटकत होतं. अर्ध्या पांढऱ्या तोंडाची बाई, तुझी सफेदा. रोज कामावर येताना मला तिच्या खालूनच जावं लागायचं. तुला वाटत असेल, सिनेमा पाहून भुजंगला जुने दिवस आठवले असतील. आठवले. तेच लिहायला बसलोय.

तीर्थपुरीच्या बसस्टँडमागचं कडूबाचं व्हिडिओघर तुला आठवतं, हे मला ठाऊक आहे, कारण तुझ्या मुलाखतीत ते येतं. पत्र्याचं शेड, खाली बारदान, समोर टीव्ही, आणि जालन्याहून आलेल्या इंग्रजी कॅसेटी. साल अठ्ठ्याऐंशी. तुझे वडील बँकेत बदलून आले होते आणि आख्ख्या सातवीत इंग्रजी वाचता येणारा तू एकटाच. पडद्यावर काय चाललंय ते कडूबालाही कळत नसे. तू कॅसेटच्या डब्यावरचं वाचून गोष्ट सांगायचास, आणि जे डब्यावर नसेल ते बिनधास्त रचायचास. हिरोंची इंग्रजी नावं आमच्या तोंडात बसेनात, म्हणून आपणच बारसं केलं. भिंतीतून आरपार जाणारा तो भिंत्या. दहा मिनिटं पुढचं ज्याला दिसायचं तो घड्याळ्या. भिंत्याचे चार भाग आले, घड्याळ्याचे तीन. कोणता भारी, यावर आपण दोन वर्षं भांडलो. भिंत्याच्या सिनेमात काचा फुटायच्या, पूल पडायचे, आणि खलनायक पहिल्या झटक्यात ओळखू यायचा. एकाचा जबडा जळलेला, एक कुबडा, एकाचा डोळा पांढरा. घड्याळ्याच्या सिनेमात मात्र शेवटची पाच मिनिटं उरेपर्यंत कळायचं नाही. गावचा औषधवाला निघायचा, नाहीतर शाळेत गाणं शिकवणारी बाई. मी भिंत्याचा आणि तू घड्याळ्याचा. मी म्हणायचो, मागं बसलेल्यालाही कळाला पाहिजे तो खलनायक. तू म्हणायचास, "तोंडावरून कळला तर मंग भ्यायचं कशाला? लांबूनच पळून जाता येतं की." मी मग नुसता आवाज वाढवायचो.

कॅसेटी संपल्या तेव्हा आपण पुढचे भाग स्वतःच करायला घेतले. दोनशे पानी वही, तुझं अक्षर, माझी चित्रं. भिंत्याच्या पाचव्या भागासाठी मी एक गवंडी काढला होता. तो अशी भिंत बांधायचा की जिला पलीकडची बाजूच नाही. भिंत्या आत शिरला की आतच चालत राहणार. घड्याळ्यासाठी तू एक आळशी माणूस शोधलास. तो कोणतीच गोष्ट आधी ठरवत नाही, त्यामुळे घड्याळ्याला त्याचं पुढचं काही दिसतच नाही. तो कडूबावरून बेतलाय हे कडूबालाही कळलं आणि त्यानं आपल्याला एक सिनेमा फुकट दाखवला. लोकांचे रविवार चोरणारा कंडक्टर कुणाचा होता, तुझा की माझा, ते आता आठवत नाही.

पांढरी कुणाची होती ते मात्र मला पक्कं आठवतं. तुलाही आठवत असणार, तरी लिहितो.

मायच्या अंगावर कोड फुटलं तेव्हा मी पाच वर्षांचा होतो. डावा गाल आणि दोन्ही हात. शिवल्यानं लागत नाही असं जालन्याच्या डॉक्टरनं तोंडानं सांगितलं आणि कागदावर लिहूनही दिलं, पण गावानं ना ऐकलं ना वाचलं. हळदीकुंकवाला बोलावणं बंद झालं. विहिरीवर ती आली की बाकीच्या बायका घागर बाजूला घेत. मग मायनंच एक रीत काढली. कुणाला काही द्यायचं असलं की ती हातात द्यायची नाही. उंबऱ्यावर ठेवायची आणि दोन पावलं मागं सरायची, म्हणजे घेणाऱ्याला लाजायला नको. तू पहिल्यांदा आमच्या घरी आलास तेव्हा तिनं शेंगदाण्याचा लाडू असाच उंबऱ्यावर ठेवला. तुला ती रीत ठाऊक नव्हती. "मावशी, खाली कशाला ठेवता?" म्हणून तू हात पुढे केलास. त्या दिवसापासून ती तुझ्या वाटणीचं वेगळं काढून ठेवायला लागली. मला दोन लाडू मिळायचे, तुला तीन.

आणि व्हिडिओघरात पोरं मला "चुन्याचा" म्हणायची. चुन्याचा आला, सरका. एका रविवारी मी ठरवलं की ते हसायच्या आधी आपणच हसायचं. भिंत्याच्या सहाव्या भागाची खलनायिका म्हणून मी पांढरी सांगितली. अर्धं तोंड पांढरं, ज्याला शिवेल त्याचा रंग जाईल, उभ्या पिकाला शिवली तर ते पांढरं पडेल, माणसाला शिवली तर त्याला घरचेही ओळखणार नाहीत. मी उभा राहून तिची चाल करून दाखवली, पदर गालावर ओढून. नरहर, त्या पोरांनी टाळ्या वाजवल्या. त्या दिवशी मला सगळ्यांनी भुजंग म्हटलं. बाहेर आल्यावर तू माझा दंड धरलास. "हे वहीत नको लिहू," म्हणालास. "मावशी हाय ती." मी ऐकलं नाही. तू लिहायला नकार दिलास, म्हणून ते पान तेवढं माझ्या अक्षरात आहे.

नव्वद साली तुम्ही गेलात. मी दहावीत दोनदा आपटलो आणि जालन्याला टॉकीजमध्ये लागलो. पंच्याण्णवपासून सिनेमाच्या मशीनवर ऑपरेटर आहे. तू लिहिलेली मालिका टीव्हीवर लागायची तेव्हा मी लोकांना सांगायचो, हा माझा दोस्त. सिनेमाचा पहिला भाग आला तेव्हा केबिनमधून नाव वाचून मी शिट्टी मारली होती. कारण त्यातला खलनायक साधा माणूस होता. वाटलं, नरहर तसाच आहे, घड्याळ्याच्या बाजूचा.

मधल्या वर्षांत मायचं काय झालं ते तुला ठाऊक नाही, कारण तू कधी विचारलं नाहीस. मागच्या वर्षी शाळेत पोरांना खिचडी शिजवून द्यायचं सुरू झालं. हेडमास्तर अप्पाराव सरांनी ते काम मायला दिलं. गावात बोंब झाली. सरांनी डॉक्टरचा तो जुना कागद मागवून सभेत वाचला आणि पहिलं ताट स्वतः खाल्लं. आठ दिवस निम्मी पोरं उपाशी बसली, मग एकेक करत जेवायला लागली. वीस वर्षांनी गाव तिच्या हातचं खात होतं. मी सुट्टीला गेलो की ती मला नावं मोजून दाखवायची, अमक्याच्या लेकीनं दोनदा मागून घेतलं, तमक्याचा पोरगा हातातूनच घेतो, खाली ठेवू देत नाही. पदर गालावरून सरकला तरी तिच्या ध्यानात यायचं नाही. मी तिला तशी आधी कधी पाहिली नव्हती.

दिवाळीला तुझा दुसरा भाग लागला. पहिल्या खेळाला मी केबिनच्या भोकातून पाहत होतो. सफेदा पडद्यावर आली आणि मी मशीनला टेकलो. "जिसको छू लूँ, उसका रंग गया." अख्खं थिएटर ओरडत होतं. ते माझंच होतं, माझ्या पानावरचं. पण मध्यंतरानंतर ती वाटी खाली ठेवते, दोन पावलं मागं सरते आणि हसून म्हणते, उठा लो. नरहर, ते वहीत नव्हतं. ते तू तुझ्या डोळ्यांनी आमच्या उंबऱ्यावर पाहिलं होतंस.

मी पाच आठवडे रोज चार खेळ तो सिनेमा चालवला. चालवणार नाही असं म्हणायचं धाडस झालं नाही. दिवाळीची सुट्टी संपली आणि शाळा भरली. सिनेमा पाहून आलेली पोरं खडूनं अर्धं तोंड रंगवून एकमेकांना शिवायचे खेळ खेळायला लागली. मग एकानं ताट मागं सारलं. सफेदानं शिवलंय म्हणाला. चार दिवसांत तीस ताटं परत आली. अप्पाराव सरांनी मायला बोलावून घेतलं. "चतुराबाई, माझा नाइलाज हाय," म्हणाले. "पोरं उपाशी राहून राह्यली. दोन महिने थांबा, सिनेमा जाईल मंग बघू." तिच्या जागी दुसरी बाई आली आणि सरांनी वरिष्ठांना कळवलं की चतुराबाईंनी प्रकृतीमुळे काम सोडलं. खलनायक मागतोस ना? हा घे. त्याच्या तोंडावर एक डाग नाही. आधी तुमच्या बाजूनं उभा राहतो, पहिलं ताट स्वतः खातो, आणि मग चहा घेत सही करतो. पण कंपनीला हा चालणार नाही. पोस्टरवर काय काढणार?

माय त्याच आठवड्यात जालन्याला आली. "मला तो शिनुमा दाखव," म्हणाली. मी टाळलं. ती टॉकीजच्या पायरीवर बसून राहिली. शेवटी दुपारच्या खेळाला तिला बाल्कनीत बसवलं आणि मी वर मशीनपाशी गेलो. तीन तास तिचं डोकं मला वरून दिसत होतं. पोस्टरवर तुझं नाव आहे हे तिला आधीच कुणीतरी वाचून दाखवलं होतं. बाहेर आल्यावर तिनं विचारलं, "नरहरनं लिव्हलं ना हे?" मी हो म्हणालो. "त्याला कुणी सांगितलं असं?" मी म्हणालो, त्याचं त्यालाच सुचलं. तिनं पदर गालावर ओढून घेतला. मग म्हणाली, "त्याला बोल लावू नको. मोठ्या शहरात राह्यतो, काही तरी लिहावंच लागत असंल. लेकरू माझ्या हातचं खाऊन गेलंय."

एक महिना मी ते सहन केलं. दर खेपेला गावी गेलो की ती तुझी बाजू घ्यायची आणि मी मान हलवायचो. डिसेंबरात एका सकाळी ती अंगणात तुरी पाखडत होती. मी सगळं सांगून टाकलं. वही, पान, चाल करून दाखवली ती, टाळ्या, आणि तू दंड धरून नको म्हणाला होतास, तेही. सूप थांबलं. तिनं मला विचारलं, "किती वर्साचा व्हतास?" बारा, म्हणालो. "मंग समजत व्हतं," ती म्हणाली. सूप बाजूला ठेवून म्हणाली. "ती पोरं दुसऱ्याची व्हती, म्हणून मी हसण्यावारी नेलं. तू तर माझा व्हतास." एवढंच. रडली नाही, ओरडली नाही. संक्रांतीआधी घराला कुलूप लावून ती मंठ्याला माझ्या मावशीकडं, सगुणाबाईकडं निघून गेली. मला शेजाऱ्यांकडून कळलं.

मी तीनदा मंठ्याला गेलो. तिन्ही वेळा मावशीच दारात आली. "न्हाई म्हणती रे ती," एवढं सांगून पाणी देते. मागच्या रविवारी मात्र मावशी माझ्याबरोबर स्टँडपर्यंत चालत आली. माय कुणाच्या पंगतीला बसत नाही, म्हणाली. मागच्या खोलीत स्वतःचं ताट, तांब्या वेगळा केलाय, कुणी सांगितलं नसताना. चुलीपाशी जात नाही. विचारलं तर म्हणते, "उगं कुणाला वहीम नको." जेवण निम्म्यावर आलंय, कधी तेही नाही. जे गावाला वीस वर्षांत जमलं नाही ते तिनं आता स्वतःच करून घेतलंय, आणि त्याची सुरुवात मी केली. तू पुढे नेलंस, पण सुरुवात माझी. तुला शिव्या द्यायला पत्र लिहितोय असं वाटलं असेल तर तसं नाही. शिव्या देण्याइतका मी स्वच्छ नाही, आणि सुचवायला माझ्याकडे एकही खलनायक नाही. मला तुझ्याकडे काही मागायचं आहे, आणि मागता येईना म्हणून एवढी पानं खर्ची घातली. माझ्यासाठी ती दार उघडणार नाही. तुझ्यासाठी उघडेल. तू मंठ्याला जा. पंधरा दिवसांत जा, कामं सोडून जा. माफी मागायची की नाही ते तुझं तू ठरव, पण तिच्या शेजारी जेवायला बस आणि ती जेवल्याशिवाय उठू नकोस. माझं नाव काढू नकोस. मी पाठवलंय हे तिला कळलं तर ती घास खाली ठेवेल. परतलास की मला एका ओळीचं कार्ड टाक. दुसरं काही लिहू नकोस, माय जेवली का तेवढं लिही.

तुझाच,
काहीही झालं तरी,
भुजंग