आदर्श घरातला कचरा

मु. बोरजाई, ता. कळमनुरी, जि. हिंगोली
गुरुवार, सकाळ

आदरणीय व्याही माणिकराव यांस बोरजाईहून नामाजीचा हात जोडून रामराम. विहीणबाई यशोदाबाईंनाही तो पोचवावा.

तुमचा गुडघा कसा आहे? भाऊबीजेला मी हिंगोलीला आलो तेव्हा तुम्ही जिन्यात मध्येच थांबलात आणि भिंतीवरचं कॅलेंडर वाचू लागलात. ते मागच्या वर्षीचं होतं. मला तेव्हाच कळलं. विहीणबाईंची साखर आटोक्यात असेल असं धरून चालतो, कारण त्या दिवशी अनारशांचा डबा त्यांनी स्वतःच्या हाताने माझ्यापुढून उचलून आत नेला होता. माझी तब्येत ठणठणीत आहे. इतकी ठणठणीत की कोणी विचारपूस करायला आलं तर सांगायला काहीच निघत नाही आणि माणूस लगेच उठून जातो. माझी गोजरबाई होती तेव्हा तिच्या कमरेवर अर्धा तास सहज निघायचा. तिला जाऊन आता तीन वर्षं होतील.

फोन असताना पत्र कशाला, असं तुम्हाला वाटेल. फोन केला तर तुम्ही तो मोठ्या आवाजावर ठेवता, मग सुट्टीला माहेरी आलेली तुमची साधना स्वयंपाकघरातून ऐकते, माझा शिवहार सोफ्यावरून ऐकतो, आणि माझ्या तोंडून 'सगळं बरं आहे' याच्या पलीकडे काही निघत नाही. शिवाय बहुतेक वेळा तो फोन आपल्या नातवाच्या, रुद्रच्या हातात असतो. मी 'हॅलो' म्हटलं की त्याच्या खेळातला माणूस मरतो म्हणे. एका सुट्टीत मी अशी चार माणसं मारलीत. तेव्हा पत्रच बरं.

तर आमच्या गावात सध्या कचरा कमी करण्याचा आराखडा चालू आहे. वरून कागद आला की प्रत्येक गावाने कचरा कमी करावा, वस्तू जपून वापराव्यात, आणि हे सगळं कसं करणार ते लिहून द्यावं. आमच्या सरपंच पद्माबाई हुशार आहेत. त्या म्हणाल्या, कमी करायचा तर आधी किती आहे ते तर कळू द्या. म्हणून सात दिवस प्रत्येक घरचा कचरा मोजायचं ठरलं. त्यासाठी आलेला बॅटरीचा काटा पहिल्याच दिवशी शाळेच्या पायरीवरून पडला आणि तेव्हापासून रिकामा असतानाही साडेतीन किलो दाखवतो. मग सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या. मी हिंगोलीच्या मोंढ्यात, धान्याच्या बाजारात, अडतीस वर्षं मापाडी होतो हे तुम्हाला ठाऊकच आहे. (सोयरीक जुळवताना तुम्ही मोंढ्यात येऊन माझी चौकशी करून गेला होता, आणि हमालांनी तुम्हाला सांगितलं होतं की माणूस रुक्ष आहे पण काटा सरळ आहे. तेवढ्यावर तुम्ही मुलगी दिलीत. हे मी विसरलेलो नाही, आणि पुढचं वाचताना तुम्हीही विसरू नका.)

माझा जुना तागडीचा काटा माळ्यावरून काढला, पुसला, आणि घंटागाडीमागे चालू लागलो. गाडी कमलबाई चालवते. बचत गटातली बाई आहे, तिनेच हे काम अंगावर घेतलं. सवयीने पहिल्या घरी मी 'एक' न म्हणता 'लाभ' म्हणालो. मोंढ्यात पहिलं माप 'लाभ' असंच मोजतात, एक म्हणत नाहीत. त्या घरच्या बाईला वाटलं तिच्या कचऱ्याची टिंगल केली. तिने बादली परत आत नेली आणि कांद्याची टरफलं काढून घेऊन मग बाहेर आणली. म्हणजे बघा, कचरा कमी करणं हे माझ्या एका शब्दानेच सुरू झालं.

आराखड्यातलं दुसरं कलम वस्तूंचं. ज्याला जे लागत नाही ते त्याने समाजमंदिरातल्या फळीवर आणून ठेवायचं, ज्याला लागेल त्याने न्यायचं, म्हणजे नवीन घ्यायला नको. विचार उत्तम. पण पहिल्या दिवशी फळीवर आली ती सगळी लग्नांतली भांडी, आणि आपल्याकडे भांड्यावर नाव कोरल्याशिवाय ते द्यायची पद्धत नाही. सगळं गाव फळीपुढे उभं राहून कोणाचा आहेर कोणी टाकला ते वाचत होतं. दोन भावक्यांचं बोलणं बंद झालं. शिवहार-साधनाच्या लग्नात तुम्ही आमच्या भाऊबंदांना वाटलेले स्टीलचे डबे (तुमचं नाव ठसठशीत आहे, तारखेसकट) एकूण सहा आले. मी ते गुपचूप घरी आणले. म्हणजे वस्तू कमी करण्याच्या मोहिमेत माझ्या घरी सहा डबे वाढले, आणि त्यांत ठेवायला माझ्याकडे काही नाही. मी स्वतः काय ठेवलं म्हणाल तर काही नाही. ग्रामसेवकाने विचारलं की वापरात नसलेल्या वस्तू किती, तर मी शून्य लिहून दिलं. चार ताटं, चार वाट्या आणि एक लहान पाट धरला तर ते खोटं होतं. पण ती वापरात नाहीत असं मला लिहायचं नव्हतं.

आता मूळ गोष्टीवर येतो. मापाडी स्वतःचा माल मोजत नाही, हा मोंढ्याचा नियम. म्हणून माझ्या घरची बादली कमलबाईने मोजायची आणि तिनेच वहीत लिहायची असं मीच ठरवलं. पहिल्या दिवशी तिने बादली लटकवली आणि बराच वेळ बघत राहिली. म्हणाली, "बाबा, काटा हलून नाही राहिला." आत एक चमचा चहाची पत्ती होती. दुसऱ्या दिवशीही तेवढीच. पद्माबाईंना इतका आनंद झाला की त्यांनी माझं घर आदर्श घर म्हणून जाहीर केलं आणि बचत गटाच्या बायकांना माझं स्वयंपाकघर बघून शिकायला पाठवलं. सात जणी आल्या. मी सदरा बदलून उभा होतो आणि कचरा कसा कमी करावा यावर चार वाक्यं तयार ठेवली होती. त्यांनी एक ताट पाहिलं, एक पेला पाहिला, परवाची भाकरी फडक्यात गुंडाळलेली पाहिली. शेवटी शेजारची जिवनबाई म्हणाली, "ह्ये काही शिकन्यासारखं नाही बाई, चला." संध्याकाळी तीन घरांतून माझ्याकडे भाजी आली.

माणिकराव, मला भाजीचा राग नाही. वांग्याची तर फार चांगली होती. पण माझ्या दारावर 'आदर्श घर' असा कागद चिकटवलेला, आणि आत माणसं कीव करून जातात, हे मला सहन होईना. अडतीस वर्षांत मी काट्याला कधी बोट लावलं नाही. पण तिसऱ्या दिवशी मी वारंगा फाट्याला गेलो आणि कचरा विकत आणला. कचरा असा मिळत नाही, तो आधी खावा लागतो. वेफरची सहा पाकिटं, क्रीमची बिस्किटं, डझनभर सीताफळं. सीताफळं मी खाल्ली. वेफर दाताला झेपेनात म्हणून जिवनबाईच्या शेळीला घातले. टोमॅटोचे तिने खाल्ले, मसाल्याचे नाकाने ढकलले. पाकिटं नीट पुसून, घड्या घालून बादलीत ठेवली. बादली हातात घेऊन पाहिली तर किलोच्या वर होती. हाताला वजन कळतं अजून. खरं सांगतो, ती जड बादली दाराबाहेर ठेवताना मला बरं वाटलं.

कमलबाईने पाकिटं पाहिली आणि विचारलं, "नातवंडं आली काय बाबा?" मी नाही म्हणायला तोंड उघडलं, आणि बाहेर पडलं "व्हय". काहून पडलं ते मला विचारू नका. एवढा एकच शब्द, पण तेव्हापासून माझ्या जिवाला उसंत नाही. लेकरं घरात असल्याचा कचरा रोज तयार करायला लागतो. परवा उंबऱ्यात बसून दोन पेन्सिली टोकापासून बुडापर्यंत सोलून काढल्या, कारण लेकरं असली की पेन्सिलीचं टरफल असतंच. काल एक खेळण्यातली मोटार आणून तिचं चाक मोडलं. ते मोडताना मात्र वाईट वाटलं, मोटार छान पळत होती. जिवनबाई करंज्या घेऊन आली तर सांगितलं, पोरं झोपलीत. सकाळचे अकरा वाजले होते. ती म्हणाली, शहरातली लेकरं अशीच, आणि करंज्या ठेवून गेली. सोळा होत्या. मोजून ठेवल्यात, रुद्र-आरोहीच्या वाट्याच्या बाजूला काढल्यात.

आणि आता घोटाळा असा की रविवारी ग्रामसभा आहे. आराखड्यात प्रत्येक घरचा कचरा माणशी मोजणार आहेत. माझा कचरा तिघांत भागला तर सबंध गावात आमचं घर सगळ्यात कमी भरतं. एकट्याच्या नावावर पडला तर बोरजाईत माझ्याइतका उधळ्या माणूस दुसरा नाही. वर आदर्श घराचा सत्कार आहे, आणि पद्माबाई म्हणाल्या की नातवंडांनाही स्टेजवर बोलवू. शिवाय गावाने पुढच्या पाच वर्षांचा हिशेब या सात दिवसांवर मांडायचा आहे आणि त्यातले पाच दिवस मी काट्याशी बेइमानी केली आहे. हे माझ्याने पचत नाही.

असो. तुम्हाला सगळं कळवावंसं वाटलं म्हणून लिहिलं. गुडघ्याला हळदीचा लेप लावत जा. विहीणबाईंना नमस्कार, साधनाला आणि शिवहारला आशीर्वाद, लेकरांच्या पाठीवरून माझा हात फिरवा.

तुमचा
नामाजी

ता. क. १ — पत्र पोस्टाने न पाठवता उद्या गावातला सुका कचरा घेऊन हिंगोलीला जाणाऱ्या टेम्पोतून, कमलबाईच्या हाती देत आहे. वास येणार नाही, सुका आहे.

ता. क. २ — खरं म्हणजे हे सगळं लिहायचं कारण एवढंच की शनिवार-रविवार दोन दिवस रुद्र आणि आरोहीला माझ्याकडे पाठवता का? शाळा उघडायला अजून आठ दिवस आहेत. तुमच्याकडे ती बारा दिवस राहिली, माझ्याकडे पाडव्याला सव्वातीन तास होती, त्यातला तास नेटवर्क शोधण्यात गेला. मी तक्रार करत नाही. तुमचं घर मोठं, स्टेशनजवळ, कारंजं आहे, आइस्क्रीम आहे. आमच्याकडे काय आहे हे मलाही सांगता येत नाही. पण ग्रामसभेत माझी लाज राखायची आहे. एका व्याह्याने दुसऱ्या व्याह्याकडे एवढं मागावं, यात गैर नसावं.

ता. क. ३ — पाकीट चिकटवलं होतं, ते परत फोडून हे लिहितोय. कमलबाईच्या हातात पत्र दिलं आणि सांगितलं, हिंगोलीला माझ्या नातवांच्या आजोबांकडे दे, लेकरं तिथंच आहेत. बोलून गेल्यावर माझ्या लक्षात आलं. मी मान खाली घातली. ती हसली नाही. म्हणाली, "बाबा, मला पहिल्याच दिशी कळलं व्हतं. लेकरं पाकिटाची घडी घालून टाकत नाहीत." मग तिने वही उघडून दाखवली. पाचही दिवस माझ्या नावापुढे तिने चहाची पत्तीच लिहिली आहे आणि माणसं एक. माझा बाकीचा कचरा तिने मोजलाच नाही. म्हणजे गावाचा हिशेब सरळ आहे, काट्याला डाग नाही, आणि सत्काराचं तिने पद्माबाईंना कालच सांगून टाकलंय की बाबांना स्टेजवर चढवू नका, त्यांना ते आवडत नाही.

तेव्हा लाज राखायचं कारण आता उरलं नाही. वर जे लिहिलं ते रद्द समजावं.

तरीही पोरांना पाठवा. दुसरं काही कारण नाही. करंज्या मऊ पडायच्या आत पाठवा, आणि पाकिटं जिथं टाकतील तिथं टाकू देत, मी उचलणार नाही.