सम्मिलनीतले दोन म

५ चैत्र

आज सभा. आमच्या बकुलतल्यात सभा म्हणजे मुरमुरे, भजी आणि अपमान — याच क्रमाने. विषय एकच: तळं वाचवायचं. दुपारी सगळी वस्ती भात खाऊन आडवी झाली की बिल्डर पल्टू सरखेलचे ट्रॅक्टर उत्तर काठावर डबर ओतून जातात. महिन्याभरात पाव तळं गेलं.

अर्ज करायचा हे पाच मिनिटांत ठरलं. अर्जाखाली नाव काय घालायचं, इथे गाडं अडलं. हाबुल समाद्दार (तागाच्या गिरणीत वीस वर्षं संप केले, गिरणी बंद पडली, ह्यांचा संप चालूच) म्हणाला, "समिती. लढायचं तर समितीच." आखाडेवाला निताई कुंडू स्वतःच्या दंडावरून हात फिरवत म्हणाला, "समिती बायकांची असते, शिवणकामाला. आपण संघ." दोन तास हेच! शेवटी सगळे माझ्याकडे वळले. छत्तीस वर्षं शाळेत बांगला शिकवलंय. माझ्या हातचा मार खाल्लेला एकजण तरी इथे दर घरात आहे. म्हटलं, विचार करून लेखी देतो.

घरी बायकोला, सुरमाला सांगितलं. म्हणाली, "नाव ठेवा खुशाल. बाळ अजून जन्मायचंय."

७ चैत्र

टिपण लिहायला घेतलं. संघ म्हटला की कॅरमबोर्ड आला. समिती म्हटली की अध्यक्ष दोन आणि सतरंजी उचलायला कुणी नाही. मंचाला माईक लागतो, परिषदेला शाल. मोर्चा तर संध्याकाळी चहाच्या टपरीवर विरघळतो. सम्मिलनी हा शब्द मात्र वेगळा. दोन्ही बाजूंनी माणसं चालत येतात आणि मधे भेटतात, असा शब्द आहे तो. पण ह्या गावाला तो लिहिता येत नाही. 'सन्मिलनी' लिहितात, न ला म जोडून! सरस्वतीपूजेच्या मांडवावर, लग्नाच्या हॉलवर, सगळीकडे. दोन म आहेत, दोन! छत्तीस वर्षं सांगून घसा बसला.

८ चैत्र

नऊ पानं झाली. उत्तरेचं केवड्याचं बेट आज डबराखाली गेलं, असं सुरमा म्हणाली. मी सातव्या पानावर होतो.

११ चैत्र

टिपण वाचून दाखवलं. तिसऱ्या पानावर हाबुल घोरायला लागला. संपल्यावर निताई म्हणाला, "मास्टरमशाय, शब्द गोड आहे. पण पोलीस आले तर गोड शब्द काय करणार?" आणि फळ्यावर तिन्ही नावं लिहिली, मतदानासाठी. तिसरं — सन्मिलनी. मी खडू हिसकावून घेतला. सम्मिलनीला मत पडलं एक. माझं.

समिती आणि संघ, दोघं आता वेगवेगळे अर्ज करणार आहेत.

१५ चैत्र

कचेरीतून दोन्ही अर्ज परत! कारकून म्हणे, "तळं एक आणि वाली दोन? खरे कोण ते आधी आपसात ठरवा." हाबुल येऊन सांगून गेला की निताई विकला गेलाय. तासाभराने निताई आला, तेच हाबुलबद्दल सांगायला. मी इतका हसलो की चहा धोतरावर सांडला.

१६ चैत्र

सुरमा घाटावरून लवकर परत आली. पदर घट्ट लपेटलेला. लग्न होऊन आली तेव्हापासून, एकेचाळीस वर्षं, ती आमच्या मागच्या पायऱ्यांवरून ह्याच पाण्यात उतरते. तापात असली तरी पायरीवर बसून तोंड धुणार. अंगणात नळ आहे. त्याखाली भांडी घासतात, असं तिचं म्हणणं.

म्हणाली, "समोरचा ट्रॅक्टरवाला विडी ओढत होता. मला विडीचा वास आला. इतका जवळ आलाय काठ."

मी म्हटलं, अर्ज करू. ती म्हणाली, "कुठल्या नावाने?"

१९ चैत्र

पल्टू आला होता! गोड दह्याचं मडकं घेऊन. वाकून पायाला हात लावला. वर्गात मागच्या बाकावर बसायचा, ऱ्हस्वदीर्घात कायम नापास. म्हणाला, "मास्टरमशाय, तुमचं टिपण मागवून वाचलं. नऊच्या नऊ पानं." ह्या गावात नऊ पानं वाचणारा पहिला माणूस! म्हणाला, काठावरच्या लोकांची संस्था काढतोय; झाडं लावू, बाक ठेवू. नाव तुमचंच. "फक्त एक अडलंय. न ला म, की म ला म?"

खरं लिहितो — डोळे भरून आले. त्याने पुढे केलेल्या कागदाच्या माथ्यावर 'सन्मिलनी' छापलं होतं. लाल पेन्सिलीने न काढला, म घातला. तो म्हणाला, "प्रधान सल्लागार तुम्हीच. खाली सही असली की कागदाला वजन येईल." मी तळ्याचं विचारलं. "तळ्याची काळजी सोडा, मास्टरमशाय. ती जागा ओळखू येणार नाही, इतकी सुंदर करतो." पूर्ण नावानिशी सही केली: अनादिनाथ पाक्राशी. नाथातला थ छान वळला.

सुरमाने विचारलं, "काय घेऊन गेला?" म्हटलं, घेऊन नाही गेला, देऊन गेला. तिने दही चाखलंसुद्धा नाही.

२३ चैत्र

नवल! तीन दिवस ट्रॅक्टर रिकामे नाही, भरलेलेच परत जातायत. सुरमा, मासळीवाली खेंतीमासी आणि घाटावरच्या चारपाच बायका दुपारची झोप सोडून उत्तर काठावर बसतात. ठराव नाही, अध्यक्ष नाही. हाबुल विचारायला गेला, "हे समितीच्या वतीने का?" खेंतीमासी म्हणाली, "दादा, बसायचं तर बसा. नाहीतर सावली सोडा." निताई संघाचा बॅनर घेऊन गेला. त्यांनी तो अंथरला आणि त्यावर बसल्या.

रात्री जेवताना म्हटलं, तुमच्या ह्या जमावाला काय म्हणायचं? सुरमा माशाचा काटा काढत म्हणाली, "आंघोळीच्या बायका म्हणा." मला फार अभिमान वाटला तिचा. तोंडाने मात्र म्हटलं, हे सामासिक नाही.

२८ चैत्र

सुरमा संध्याकाळी आली ती थेट आत गेली. खेंतीमासीने दारातच उभं राहून सांगितलं.

कचेरीतले साहेब आले होते, पोलीस घेऊन. विचारलं, "तुमची संघटना कोणती?" ह्या बॅनरवरून हलल्या नाहीत. साहेब म्हणाले, "आमच्याकडे काठावरच्या रहिवाशांच्या सम्मिलनीचं पत्र आहे. इथे तळं नाही, डासांचा खड्डा आहे, तो बुजवून द्यावा, असं लिहिलंय." सुरमा पुढे झाली. "काठावर आमचं घर आहे. आम्ही असं काही लिहिलेलं नाही." साहेबांनी कागद तिच्या हातात दिला.

"सुरमाबौदी किती वेळ बघत राहिली त्या कागदाकडे," खेंतीमासी म्हणाली. "मला वाचता येत नाही, मास्टरमशाय. बौदीने घडी घातली, परत दिला, उठली. ती उठली म्हणून आम्ही उठलो."

सही करताना मी कागदाचा माथा तेवढा वाचला होता. खालच्या सहा ओळी वाचल्याच नाहीत. शुद्धलेखन तपासत होतो!

२९ चैत्र

सही मागे घेतो म्हणून कचेरीत पत्र दिलं. कारकून म्हणे, एकट्या माणसाचं चालत नाही, संस्थेचं आणा. हाबुलकडे गेलो. म्हणाला, समितीची सभा बोलवावी लागेल. निताई म्हणाला, संघाची घटना बघावी लागेल. दोघांनीही ऐकून घेताना मान खाली घातली होती. हसत असावेत. मीही हसलो होतो.

१ वैशाख

बंगाली नवं वर्ष. उत्तर काठावर फाटक बसलं. वर पाटी: बकुलतला सम्मिलनी, तीन व चार खोल्यांची घरं. दोन म. बरोबर आहेत.

२ वैशाख

सकाळी अंगणात नळाखाली बादली भरल्याचा आवाज आला. मला वाटलं, भांडी. सुरमा ओल्या केसांनी आत आली.