लायसन्स संपलेलं

इंदूर,
शनिवार

प्रिय अश्वजित,

'प्रिय' बघून फुगू नकोस. पत्र असंच सुरू करायची सवय आहे, बाकी काही नाही. आणि लग्नापासून केलेलं अहो-जाहो आजपासून बंद.

नागपूरला आईचं हृदयाचं ऑपरेशन होतं, हे तुला चांगलं ठाऊक होतं. डॉक्टर काही छातीठोक सांगत नव्हते. तिला आत नेण्याआधी मला एकदा बघायचंच होतं, म्हणून विमानाचं तिकीट काढलं. माझं आधार, पॅन, सगळं तुझ्याच कपाटात. घर सोडल्यापासून मागतेय, आणि तुझं आपलं एकच, मिल नहीं रहा. जवळ होतं फक्त स्कूटीचं लायसन्स. एअरपोर्टच्या दारात जवानाने ते उलटंपालटं केलं आणि म्हणाला, मॅडम, ये तो खतम हो गया. दिवाळीतच संपलं होतं मेलं! मी भांडले. म्हटलं, भिया, तारीख गेली असेल, चेहरा तर तोच आहे ना? तो बिचारा नियमाचा माणूस. म्हणाला, मोबाइलवर आधार काढून दाखवा, चालेल.

बाजूला उभी राहून काढायला गेले, तर ओटीपी जाणार तुझ्या फोनवर. आधार बनवताना तूच आपला नंबर दिला होतास, घर में एक ही नंबर ठीक रहता है म्हणून. नाइलाजाने तुला फोन लावला. तू म्हणालास, आया है ओटीपी, सामने ही है, पहले सॉरी बोल.

अरे, हात तू उचललास, तोही स्वयंपाकघराचं दार लावून, तुझ्या बाबांना कळू नये म्हणून. त्यापायी मी घर सोडलं. आणि सॉरी मी म्हणायचं? लाज कशी वाटली नाही रे तुला? मी सॉरी म्हणेना, तोवर तो ओटीपी तसाच वाया गेला. दुसरा मागवला. विमानाची वेळ होत आली होती, डोळ्यांसमोर आई. म्हटलं सॉरी. तू म्हणालास, जरा जोर से. तेही म्हटलं, ट्रॉल्या घेऊन उभ्या असलेल्या त्या अख्ख्या रांगेसमोर. तुझ्याकडून कुणीतरी फिदीफिदी हसलं, तेव्हा कळलं की तू फोन स्पीकरवर टाकलायस. थू तुझ्यावर!

पोचले मी. आईने माझा हात धरला, जेवलीस का विचारलं, आणि तिला आत नेलं. तू चौकशी केली नाहीस, तरी सांगते. ती बरी आहे आणि नर्सबाईंना दटावत असते.

परवा तुझ्या बाबांचा फोन आला. इतके खुशीत होते! म्हणे, बेटा, अश्वजित बोला, तू माफी मागितलीस, आता कधी येतेस? तुझी खोली झाडून ठेवलीय. त्या भल्या माणसाला फोनवर काय सांगणार? म्हणून लिहायला बसले. ते सॉरी आईसाठी होतं. ते मी परत घेतेय. मी येणार नाही. हे पत्र तुझ्या दुकानाच्या पत्त्यावर टाकतेय. याचीच एक नक्कल घरीही पाठवतेय, तुझ्या बाबांच्या, भाऊरावांच्या नावाने.

माझी मीच,
पंचशीला